विटेला शोभेल असा रंग

लोक अजूनही आमच्या गेटपाशी गाडी हळू करतात. परवा एक जोडपं तर उतरलंच. त्यातली बाई म्हणाली, "काकू, हा ग्रे कोणता घेतला हो? विटेजवळ काय मस्त दिसून राहिला!" मी शेडचा नंबर सांगितला आणि आत आले. पाणीसुद्धा विचारलं नाही. प्रताप नगरच्या आमच्या गल्लीत मला फटकळ म्हणतातच, त्यात आणखी एक भर पडली.

या रंगाची गोष्ट सासूबाईंपासून सांगावी लागते. आम्ही सगळे महिनोन् महिने रंग बघत बसलो आणि त्यांचा जीव त्याच भिंतीला टांगलेला होता. ते कुणालाच दिसलं नाही. मला तर नाहीच दिसलं, आणि मी शाळेत चित्रकला शिकवते. 'नीट बघा रे, आधी नीट बघा' असं पोरांवर ओरडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. पुढच्या भिंतीचा डावा भाग उघड्या विटांचा, प्लास्टर न केलेला. तेव्हा तशी फॅशन होती. उजव्या भागाला प्लास्टर आणि रंग. विटांना इतक्या वर्षांत काही झालं नाही, प्लास्टरला मात्र दर उन्हाळ्यात पोपडे यायचे. बांधकाम चाललं होतं तेव्हा सासूबाई नवी नवरी होत्या. हौदात विटा भिजवायच्या आणि गवंड्याच्या हातात द्यायच्या. भिंत उभी राहिल्यावर सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी मारायचं कामही त्यांचंच. त्यामुळे त्या विटा म्हणजे त्यांची खाजगी मालमत्ता होती. "कोरड्या विटेवर नको जाऊ वं," त्या मला सांगायच्या, "विटेचा खरा रंग पाहाचा असन तं पाणी मार तिच्यावर." पाहुणे आले की खरंच पाइप घेऊन विटा भिजवून दाखवायच्या. ओल्या विटा भर दुपारीसुद्धा लालबुंद दिसायच्या, ते मला मान्य करावंच लागेल.

त्या मार्चमध्ये माझे मिस्टर म्हणाले, "यंदा पेंटचा ताप नको. प्लास्टरच्या बाजूले शीट लावून टाकू." शीट म्हणजे हल्ली सगळ्या घरांना लावतात ती ॲल्युमिनियमची. भिंतीवर लोखंडी चौकट ठोकायची आणि तिच्यावर ही रंगीत पत्र्यासारखी शीट बसवायची. रंग कोणता, हे विचारल्यावर त्यांनी हात वर केले. बुटीबोरीला जाणारी कंपनीची बस पकडायला ते सकाळी साडेसहाला घर सोडतात. "तुम्ही दोघी ठरवा. मले त्यातलं काही समजत नाही," म्हणाले. अहो, दोन बायकांना एका भिंतीचा रंग ठरवायला सांगणं म्हणजे काय, हे तरी समजायला हवं होतं.

मी दुकानातून सहा तुकडे आणले, तळहाताएवढे. विटांना टेकवून ओळीने उभे केले आणि आठ दिवस सकाळी, दुपारी, पाच वाजता बघत राहिले. एका पोस्टकार्डाला मधोमध चौकोनी भोक पाडलं. त्यातून बघितलं की आजूबाजूचं सगळं झाकलं जातं आणि रंग एकटा सापडतो. शाळेत पोरांना हेच शिकवते. त्या भोकातून कळलं की आमच्या विटा लाल नाहीतच. एक केशरी, एक जास्त भाजून जांभळट काळी, एक चहासारखी. अशा गर्दीशेजारी आणखी एखादा तापलेला रंग आणला तर चिखल होणार. तिथे थंड रंगच हवा. निळसर झाक असलेला राखाडी, थोडा चमकणारा. मला तो सापडला तेव्हा इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

सासूबाईंना कत्थई हवा होता.

"विटेसोबत विटेचाच रंग पाहिजे," त्या म्हणाल्या. "हे काय, राखेचा रंग! घराले कोणी राख फासते का?"

"आई, राख नाही ती. ग्रे आहे. सगळीकडे हाच चालतो."

"सगळीकडे काय चालते ते नको सांगू. राख कधी लावतेत ते मले माहीत आहे."

मला राग आला. मी काही कुणाचा मुलाहिजा ठेवणारी बाई नाही. "मग तुम्हीच शिकवा शाळेत चित्रकला," असं तोंडावर बोलून गेले. त्या उठून आत गेल्या. त्यांचं तसं उठून जाणं मला जास्त झोंबलं, पण माघार घेतली नाही. पुढच्या आठवड्यात त्या चार दिवस सावनेरला गेल्या, माझ्या नणंदेकडे. त्याच चार दिवसांत मी राखाडी शीट मागवून टाकली. परत आल्या तेव्हा निम्मी भिंत झाकली गेली होती. पिशवी हातात तशीच, गेटातून वर बघितलं आणि म्हणाल्या, "लावून टाकली का. बरं."

फिटर उत्तरेकडचा, पन्नाशीचा, कामाला चोख. या चमकणाऱ्या शीटच्या पाठी एक बाण छापलेला असतो. सगळे बाण एकाच दिशेला यायला हवेत, नाहीतर उन्हात एक शीट उजळ आणि दुसरी मळकी दिसते. त्याने खिडकीच्या वरची एक उलटी लावली होती. त्याला दिसलं नाही, मला दिसलं. मी त्याला शिडीवरून खाली बोलावलं, गेटपाशी उभं केलं, पोस्टकार्डाच्या भोकातून बघायला लावलं. दोन तास वाद. शेवटी त्याने ती काढून सुलटी केली.

त्याच दुपारची दुसरी गोष्ट. खिडकीला आमचा कुलर असतो, बाहेरच्या बाजूने, लोखंडी स्टँडवर. शीट लावण्यासाठी त्याने तो काढला होता. आता परत बसवायचा तर भिंतीत नवी भोकं पाडण्यापेक्षा स्टँड शीटच्या चौकटीलाच कसला. कुलर सुरू करून बघितला आणि हात झटकत मागे सरकला. "मॅडम, इसमें तो करंट है."

मी म्हणाले, "चप्पल पहनो भैया. नागपूर के कूलर में थोडा रहताच है."

तो हसला. "अर्थिंग देख लेना मॅडम. अब सब लोहा एक हो गया है."

मी हो म्हणाले. पण माझं लक्ष वरच्या शीटकडे होतं, आता शेड नीट मिळतोय का ते पाहण्यात. संध्याकाळी मिस्टरांना मी बाणाची गोष्ट अगदी रंगवून सांगितली. अर्थिंगचं सांगायचं राहून गेलं.

बाहेरच्या लोकांना हे वेडेपण वाटेल, पण आमच्याकडे कुलर करंट मारतो यात कुणाला नवल वाटत नाही. लेकरू चालायला लागलं की त्याला पहिलं हेच शिकवतात, कुलरला हात लावायचा तर पायात चप्पल. आमच्या खिडकीखाली एक निळ्या पट्ट्यांची रबरी जोडी बारा महिने पडलेली असते, पाणी भरणाऱ्यासाठी. सासूबाई तर या बाबतीत पोलीस होत्या. मी अनवाणी कुलरजवळ दिसले की आतून ओरडायच्या, "चप्पल घाल वं! मरशील!" पण भिंतीला हात लावायला चप्पल घालावी, हे कोण कुणाला शिकवणार?

आणि तुळशीपाशी त्या चप्पल घालत नसत. तुळस नेमकी त्या जागी, जिथे विटा संपतात आणि शीट सुरू होते. तिथे ॲल्युमिनियमची उघडी उभी पट्टी आहे, वरपासून खालपर्यंत. सकाळी सडा टाकून झाला की अंघोळ करून त्या अनवाणी यायच्या, ओल्या फरशीवर बसून तुळशीला पाणी घालायच्या, आणि गुडघे गेलेले असल्यामुळे त्या पट्टीला धरून उठायच्या. रोज. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. मला वाटायचं, चला, माझ्या शीटचा एवढा तरी उपयोग झाला.

एप्रिल लागला. ऊन असं की कुलर बंद करायची सोय राहिली नाही. एका सकाळी त्या आत आल्या आणि हात चोळत म्हणाल्या, "हाताले मुंग्या येऊन राहिल्या वं."

त्यांना बरीच वर्षं साखर होती. पायांना मुंग्या, तळव्यांची आग, हे आमच्या घरात रोजचं. मी म्हणाले, "काल आंबा किती खाल्ला?" दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, मुंग्या कधी येतात, मी सांगितलं, सकाळी. त्यांनी एक गोळी वाढवून दिली. मी ती रोज नाश्त्याबरोबर न चुकता देत होते. कर्तव्यात मी कधी कसूर केली नाही, बरं का. तेवढं कुणी म्हणू नये.

आमच्याकडे एक पिवळी मांजर यायची. सासूबाई तिला तुळशीजवळ वाटीत दूध द्यायच्या, आणि दूध पिऊन झालं की ती त्या पट्टीला अंग घासायची. एक दिवस सडा ओला असताना तिने तिथे अंग घासलं आणि किंचाळून हातभर उंच उडाली. शेपूट फुगवून कंपाउंडवरून पळाली ती परत आलीच नाही. सासूबाई वाटी घेऊन तीन दिवस हाका मारत होत्या. मग मला म्हणाल्या, "मांजरीले बी नाही आवडला तुया रंग."

मी तिरसटपणे हसले. टोमणाच होता तो, मला काय कळत नव्हतं?

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी दिवसभर घरी. त्या आता सरळच बोलू लागल्या. "तुया भिंतीले हात लावला का हात बधिर होते." एकदा म्हणाल्या, "चावते ते भिंत मले." मला इतका संताप यायचा! एवढी सुंदर भिंत, अख्खी गल्ली नाव काढते, आणि या बाईला एक चांगला शब्द फुटत नाही. राखेपासून सुरू झालं, मांजरीवर आलं, आता भिंत चावते. मिस्टरांना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, तिला हवा होता तो कत्थई लावायला काय जात होतं. तो वाद मला पुन्हा नको होता. एकदा मी स्वतः जाऊन पट्टीला हात लावून पाहिला. दुपारी, कोरड्या फरशीवर, पायात चप्पल घालून. काही झालं नाही. मी आत येऊन त्यांना म्हणाले, "नाही चावली मला." त्यांनी मान खाली घातली आणि भाजी निवडत राहिल्या.

त्या दिवशी सकाळी आठ वाजले असतील. ऊन तापलं होतं, कुलर घरघरत होता. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर पाइपच्या पाण्याचा आवाज येत होता, सडा टाकून झाला तरी बराच वेळ येत होता. मग त्यांची हाक आली. आवाज वेगळाच, खुशीचा.

"अवं, ये वं इकडे! पाह्य तं! ओल्या विटेजवळ तुया रंग पाह्य! आता जमला बरोबर! लय शोभून राहिला!"

दोन महिन्यांत पहिल्यांदा. मला ऐकून कसं वाटलं ते काय सांगू. मी "आले, आई" म्हणाले.

मी बाहेर गेले तेव्हा त्या तुळशीपाशी बसलेल्या होत्या, पाठ माझ्याकडे. सगळी विटांची भिंत वरपासून खालपर्यंत भिजलेली, लालबुंद. पाइप फरशीवर पडून पाणी वाहत होतं. उजवा हात वर, पट्टीला घट्ट धरलेला, नेहमीसारखा. उठत मात्र नव्हत्या. मी हाक मारली. अनवाणीच पायरी उतरले आणि ओल्या फरशीवर पाऊल टाकलं, तर तळव्यापासून पोटरीपर्यंत मुंग्या चढल्या.

तेव्हा मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं, मांजरीसकट. मी मागे उडी मारली, आत धावले, मेन स्विच खाली ओढला. कुलरची घरघर थांबली. परत आले तोवर त्या एका कुशीवर कलल्या होत्या. शेजारचे धावले, गाडी काढली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. त्यांच्या उजव्या तळहातावर पट्टीच्या कडेची एक सरळ काळी रेघ उमटली होती.

मिस्टरांना कंपनीतून बोलावलं. ते आले, आईजवळ बसले, आणि मला एवढंच विचारलं, "काही बोलली का गं?" मी सांगितलं, तुझा रंग जमला म्हणाल्या. ते खूप रडले. त्यांना त्यातून काहीतरी मिळालं असावं. नंतर मी दोनदा ती शीट काढायला माणूस बोलावला आणि दोन्ही वेळा त्यांनी परत पाठवला. "आईले आवडला होता शेवटी," म्हणतात.

चौथ्या दिवशी लाइटवाला आला. सावनेरहून आलेल्या नणंदबाई आईच्या साड्यांच्या घड्या घालत तिथेच बसल्या होत्या. लाइटवाल्याने कुलर उघडला. पंपाच्या वायरचं रबर स्टँडला घासून झिजलं होतं, आतलं तांबं दिसत होतं. बोर्डातल्या तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. या घराला अर्थिंग नावाचं काही उरलंच नव्हतं. शीटच्या पट्टीला टेस्टर लावण्यासाठी त्याने आम्हाला लांब उभं केलं.

"हे एकदम नाही होत," तो म्हणाला. "आधी थोडं थोडं येते. कोणाले झिणझिण लागली नाही का?"

"नाही," मिस्टर म्हणाले. "लागली असती तं सांगितलं नसतं का कोणी?"

नणंदबाईंचे हात थांबले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मांडीवरच्या साडीकडे बघत होत्या. "मले सांगे आई फोनवर," त्या म्हणाल्या. "सुनेची भिंत चावते म्हणे. मी हासली. मले वाटलं, तुमचं रंगावरून चालू आहे."

मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मलाही सांगायच्या. रोज सांगायच्या. मी गोळी देत होते."

लाइटवाला टेस्टर खिशात घालून उगाच कुलरच्या आत बघत राहिला. कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी उलटून काहीतरी बोलले असते.

आणि एक गोष्ट मी त्या दिवशीही सांगितली नाही, आजवर कुणालाच नाही. त्यांनी हाक मारली तेव्हा माझ्या हातात काहीच काम नव्हतं. गॅस बंद होता, चहा पिऊन झाला होता. "आले, आई" म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले. मुद्दाम. त्यांनी आणखी एकदा हाक मारावी, रंग जमला असं आणखी एकदा म्हणावं, म्हणून मी तिथे उभी राहून वाट बघत होते.